फोटोतलं ताट

दुपारी मोबाइल वाजला की मी हातातलं काम टाकून धावायचे. सेवाकेंद्राच्या ग्रुपवर जेवणाचे फोटो आलेले असायचे. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना म्हातारी माणसं, प्रत्येकापुढं स्टीलचं कप्प्याकप्प्याचं ताट. मी आधी आईला शोधायचे. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, मान खाली. मग दोन बोटांनी फोटो मोठा करत करत तिच्या ताटापर्यंत जायचे. ताट भरलेलं असायचं. वरण, भाजी, भाकरी, लिंबाची फोड, सगळं जागच्या जागी. ग्रुपवरचे बाकीचे नातेवाईक हात जोडायचे, फुलं टाकायचे, ‘किती मायेनं करता हो तुम्ही’ असं लिहायचे. मला फूल टाकवत नसे. फोटो पाहून झाल्यावर मी पुन्हा कामाला लागायचे आणि थोड्या वेळानं पुन्हा तोच फोटो उघडून बसायचे.

माझा स्वभावच संशयी आहे, असं आमच्याकडं सगळे म्हणतात. त्यांचंही चूक नाही. विजेच्या ऑफिसात तक्रारीच्या खिडकीमागं बसून माझे केस पांढरे झाले. ‘सगळं व्यवस्थित आहे’ हे वाक्य मी स्वतः लोकांच्या तोंडावर इतक्या वेळा फेकलंय की दुसऱ्या कुणी ते मला ऐकवलं की माझे कान टवकारतात.

आई पाचोडला भावाकडं असायची. अंगणातल्या धुण्याच्या दगडापाशी पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. शहरात आणून ऑपरेशन केलं. डॉक्टर म्हणाले, आता खरं काम पुढं आहे. रोज व्यायाम, रोज दोन माणसांनी धरून उभं करायचं, अंगात ताकद राहील असं खाऊ घालायचं. हे दिवस हातचे गेले तर बाई पुन्हा उभी राहायची नाही. गावाकडं भावाच्या मागं मोसंबीची बाग, वहिनीची कंबर आधीच गेलेली. दवाखान्याच्या व्हरांड्यात दोघंही एकमेकांकडं बघत उभी राहिली.

माझं सिडकोतलं घर रिकामं होतं. मुलगी सासरी, आम्ही दोघंच. मी म्हटलं, माझ्याकडं चल. माझा नवराही तिच्या खाटेशी उभा राहून विनवत होता. आईनं पदर सारखा केला आणि त्याच्याकडं न बघता म्हणाली, “तुमी देवमानूस हाव. पन लेकीच्या घरी एक वेळ पानी पेन, मुक्काम नगं. जावयाच्या दारातून माजी तिरडी निघायला नगं.”

“तिरडी कुणाची निघतेय? पाय मोडलाय तुझा,” मी ओरडले.

“मंग पाय तरी काऊन तिथं घिऊन जायचा?” ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. तो विषय तिच्यापुरता संपला.

अशी ती बीड बायपासजवळच्या सेवाकेंद्रात आली. केंद्र खरंच चांगलं होतं. स्वच्छ खोल्या, व्यायाम घ्यायला रोज येणारी मुलगी, दिवसरात्र बायका हाताशी. पण पाचोडला बातमी पोचली ती ‘म्हातारीला आश्रमात टाकलं’ अशी. भाऊ बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर थांबेनासा झाला. पुण्यामुंबईच्या नातेवाइकांनी फोनवरून उंटावरून शेळ्या हाकायला सुरुवात केली. कुणी म्हणे, अशा ठिकाणी झोपेच्या गोळ्या देतात. कुणी म्हणे, आपण भेटायला गेलो की तेवढ्यापुरती चादर बदलतात. यातला एकही जण बघायला आला नाही, पण प्रत्येकाचं बोलणं माझ्या डोक्यात मात्र घर करून बसलं.

आईचं एकच मागणं होतं. मी खोलीत पाऊल टाकलं की विचारायची, “कवा नेता घरी?” भावानं तिला शब्द दिला होता, वॉकर धरून केंद्राच्या ओसरीपर्यंत चालली की दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येतो. तिला दुसरं काही नको होतं. टीव्ही नको, भजन नको. बाकीच्या बायका सतरंजीवर बसून गाणी म्हणायच्या तेव्हा ही दाराकडं तोंड करून बसायची.

भेटीची वेळ संध्याकाळची. ओसरीवरच्या बाकांवर आम्ही नातेवाईक जमायचो आणि काळजीची परीक्षा घ्यायचो. एक बाई वडिलांच्या उशीचा वास घेऊन बघायच्या. एक गृहस्थ आईची नखं तपासायचे. मी तर सगळ्यांवर कडी. पलंगाखाली वाकून बघायचे, गादीवर हात फिरवायचे, मुद्दाम घंटी दाबायचे आणि कोण किती पटकन येतंय ते बघत राहायचे. बाई धापा टाकत आली की म्हणायचे, काही नाही, चुकून लागली. आई चिडायची. “त्या पोरीला का पळवायली उगंच?” मी म्हणायचे, तुझ्यासाठीच. पण खरं तर ते माझ्यासाठी होतं. आईला दुसऱ्याच्या हवाली केल्याची टोचणी अशी कुणाला तरी पळवल्याशिवाय कमी होत नव्हती.

आणि एवढं बघूनही मला जे दिसायला हवं होतं ते दिसत नव्हतं. सुरुवातीला आई बरी होत गेली. मग व्यायामाची मुलगी म्हणायला लागली, आजींचे पाय थरथरतात, जोरच नाही. वजन उतरलं. ब्लाउजच्या बाह्या ढिल्या झाल्या, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं, औषधं बदलली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, पोटात अन्न जात नाहीये. असंच चाललं तर चालायचं विसरा.

मी संचालिकाबाईंच्या ऑफिसात गेले. बाई शांत, गोड बोलणाऱ्या, आणि शांत माणसं बघितली की माझा पारा जास्तच चढतो. त्या म्हणाल्या, “आजी थोडं थोडं खातात. वयच आहे. पण ताट बऱ्यापैकी संपलेलं असतं. आमच्याकडं बघा, सगळे एका कुटुंबासारखे एका टेबलावर जेवतात. खोलीत एकटं कुणी जेवायचं नाही, हा आमचा नियमच आहे. त्यानं म्हातारी माणसं खुलतात.”

“खुलतात? माझी आई वाळतेय.”

“तुम्ही घरून काही आणून बघा ना.”

मग मी डबा सुरू केला. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मेथीचं पिठलं, तिला आवडतं ते सगळं. स्कूटरवर डबा लावून बायपासच्या ट्रकांच्या धुळीतून रोज सकाळी निघायचे आणि फाटकावर देऊन परत यायचे. संध्याकाळी डबा धुऊन-पुसून रिकामा मिळायचा. मला बरं वाटायचं. आठवड्याभरानं बघते तर आई आणखी उतरलेली. आता तर माझी खात्रीच पटली की डबा मधल्यामध्ये कुणीतरी गट्टम करतंय. भावाला फोन केला. तो म्हणाला, “ताई, काढ तिला तितून. मी येतो. मानसं नाय ती, कसाई हायत.” त्या दिवशी मलाही तसंच वाटत होतं.

पण फोन ठेवला आणि मी पुन्हा फोटो उघडले. जुने, नवे, सगळे. आणि एक गोष्ट मला फार उशिरा सुचली, जी खिडकीमागं बसून पहिल्याच महिन्यात शिकले होते, की कागद नेहमी काम सुरू होण्याआधीचा दाखवतात. सगळे फोटो वाढून झाल्या झाल्या काढलेले होते. ताट भरलेलं असणारच. जेवण झाल्यावरचं ताट आमच्यापैकी कुणीच कधी पाहिलं नव्हतं, कारण जेवणाच्या वेळी नातेवाइकांना आत सोडतच नसत.

दुसऱ्या दिवशी मी दुपारच्या जेवणाआधीच जाऊन उभी राहिले. संचालिकाबाई म्हणाल्या, जमणार नाही. “काहींचं इथं कधीच कुणी येत नाही. त्यांच्यासमोर दुसऱ्याची मुलगी घास भरवत बसली तर त्यांना काय वाटेल? म्हणून नियम केलाय.” कारण खरं होतं आणि चांगलंही होतं. पण मी तिथं समजून घ्यायला गेले नव्हते. मी आवाज चढवला, तक्रार करीन म्हणाले, आईला आत्ताच्या आत्ता नेते म्हणाले. शेवटी त्यांनी हात टेकले. म्हणाल्या, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहा, आजींना दिसू नका.

मी दाराआड उभी राहिले. मागं तव्यावर भाकऱ्या फुगत होत्या. समोर टेबल. पलीकडच्या बाजूला पुरुष, अलीकडं बायका. आईची चाकाची खुर्ची टेबलाच्या टोकाशी. तिच्या बरोबर समोर एक म्हातारे गृहस्थ होते, कोर्टात कारकून म्हणून निवृत्त झालेले, उंच, पांढरा सदरा, हाताला कंप. घास तोंडापर्यंत जाईस्तोवर अर्धा सांडायचा. ते तो वेचायचे, पुन्हा सुरुवात करायचे.

वाढून झालं, फोटो निघाला, सगळे जेवायला लागले. आईनं ताटाला नमस्कार केला आणि हात मांडीवर ठेवून बसली.

मला वाटलं, हात दुखतोय. मग वाटलं, मळमळतंय. पण ती नुसती बसलेली नव्हती. शेजारच्या बाईची चटणी संपली तशी हिनं आपल्या डब्यातली तिच्या ताटात वाढली. पलीकडच्या बाबांना हातानंच खुणावून भाकरी पुढं सरकवली. माझं पिठलं, माझ्या भाकऱ्या, टेबलभर फिरल्या. ती वाढत होती. चाकाच्या खुर्चीत बसून, मोडक्या खुब्यानं, माझी आई पंगत वाढत होती. आणि मधून मधून पदराआडून समोरच्या त्या गृहस्थांच्या ताटाकडं नजर टाकत होती.

एकेक करून बाकीचे उठले. ते गृहस्थ अजून पहिल्याच भाकरीवर होते. तोवर ताटं उचलायची वेळ झाली. एक मदतनीस बाई फडका खांद्यावर टाकून आली. “आजी, हो गया खाना?”

“व्हय, झालं माय. लई झालं,” आई म्हणाली.

ताट गेलं. त्यात वाटून उरलेला भाजीचा थोडा थर होता, बाकी सगळं दुसऱ्यांच्या पोटात. कुणीही म्हटलं असतं, आजी बऱ्यापैकी जेवल्या. आईच्या पोटात सकाळचा चहा, त्यात बुडवलेली बिस्किटं आणि रात्री खोलीत मिळणारं दूध, एवढंच जात होतं.

 तिथं एका क्षणात सगळं कळलं आणि कळण्यासारखं त्यात काही नवीन नव्हतं, हे जास्त लागलं. आमच्या घरी आधी पुरुष, मग पोरं, मग कधीतरी मागच्या दाराशी बायका. शेवटच्या पुरुषानं हात धुतल्याशिवाय आईनं घास उचलल्याचं कुणी पाहिलेलं नाही. घरी आजोबा असले तरी ते पटकन जेवायचे, वडील तर उभ्या उभ्याच. इथं तिच्या नशिबी असा माणूस आला होता की त्याचं जेवण संपतच नव्हतं. आणि आम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो.

संध्याकाळी मी तिला ओसरीवर नेलं आणि सरळ विचारलं. ती जराही चपापली नाही. उलट माझ्याकडंच विचित्र नजरेनं बघायला लागली.

“समोर पुरुष मानूस ताटावर असतंय. सासऱ्यासारकं थोरलं मानूस. त्याच्यासमोर मी तोंड हलवू? तुला ऑफिसात असलंच शिकवलं का?”

“अगं, ते तुझे सासरे नाहीत. ओळखीचेसुद्धा नाहीत.”

“वयानं थोरले हायत ना.”

“तू तरी काय लहान आहेस?”

“पोलीस अॅक्शन झाली, निजाम गेला, तवा मी आईच्या अंगावर पीत होते. ते बाबा तवा साळंत जात होते म्हनं, त्यांनीच सांगितलं टेबलावर.” तिचा हिशेब पक्का होता. वयाचा दाखला तिच्याकडं तेवढाच, आणि त्याच्यापुढं माझं काही चालणार नव्हतं.

“मग तू मरशील,” मी म्हणाले. मला राग आवरत नव्हता. “उपाशी मरशील आणि घरी जायचं राहूनच जाईल.”

 घरी जायचं नाव निघालं तशी तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग हळूच म्हणाली, “भूक तर लई लागती गं.”

हे वाक्य माझ्या आईच्या तोंडून मी कधीच ऐकलं नव्हतं. तिला भूक लागते, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

मी संचालिकाबाईंकडं गेले, या वेळी आवाज न चढवता. त्यांना आधी पटेना. मग त्यांनी कपाळाला हात लावला. त्या म्हणाल्या, आजींपुरता नियम मोडते, खोलीत ताट देते. आईनं ते साफ नाकारलं. “बाजूला बसलेल्या बाईला ताट सरकवत्यात तसं? आता या वयात कशाला?” विटाळाच्या दिवसांत कोपऱ्यात बसून जेवणं तिनं उभ्या तारुण्यात भोगलेलं होतं. तिथं तिला परत जायचं नव्हतं आणि या एका गोष्टीत मी पूर्णपणे तिच्या बाजूची होते.

मग मी सुचवलं, बायकांची पंगत वेगळी बसवा, आधी. संचालिकाबाई म्हणाल्या, “अहो, आम्ही स्त्री-पुरुष सगळे एकत्र बसवतो याचं लोक कौतुक करतात. तुम्ही मला मागं न्यायला निघालात.” ग्रुपवर कुणकुण लागली तेव्हा एकीनं लिहिलं, हे काय जुनाट, कोणत्या काळात आहोत आपण? बोलायला त्यांचं बरोबर होतं. मला स्वतःला ते विचार पटतात. माझ्या घरी मी आणि नवरा एकत्र जेवतो, कधी कधी तोच वाढतो. पण माझ्या विचारांनी आईच्या पोटात काही जात नव्हतं.

खरी अडचण वेगळीच होती. आई पुरुषांच्या आधी बसायलाही तयार होईना. “देवाआधी नैवेद्य चाखायचा का?” म्हणाली.  शेवटी मी त्या कारकून आजोबांकडंच गेले. ते बागेत खुर्चीवर बसले होते. मी सगळं सांगितलं. 

“म्हणजे माझ्यामुळं त्या जेवत नाहीत?” त्यांनी विचारलं. मग म्हणाले, “खरं सांगू का, मलाही फार संकोच होतो. सांडतं. बायका समोर असतात. मी मुद्दाम सावकाश खातो, म्हणजे सगळे उठून जातील आणि मग मला नीट जेवता येईल.”

मला हसावं की रडावं कळेना. टेबलाच्या दोन बाजूंना दोघं बसून दुसऱ्यानं उठावं म्हणून वाट बघत होती आणि आम्ही फोटोला फुलं टाकत होतो.

दुसऱ्या दिवशी ते काठी टेकत आईच्या खोलीच्या दाराशी आले. आत नाही आले. दारातूनच, तोंड जरा बाजूला वळवून म्हणाले, “वहिनी, उद्यापासून तुम्ही सगळ्या जणी आधी बसा. आम्ही पुरुष मागून बसतो. हे माझं सांगणं आहे.”

आईनं पदर पुढं ओढला आणि मान हलवली. थोरल्या माणसाचा शब्द आला होता. तिची बाजू तिनं शेवटपर्यंत सांभाळली होती, आता तिच्यावर बोट ठेवायला जागा नव्हती.

आजोबांनीच म्हटल्यावर संचालिकाबाईही तयार झाल्या. बायकांची पहिली पंगत बसली तेव्हा मी पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात होते. या वेळी बाईंनी स्वतःच बोलावलं होतं. आईपुढं ताट आलं. तिनं इकडंतिकडं बघितलं. टेबलाची पलीकडची बाजू रिकामी. तिनं नमस्कार केला, भाकरी मोडली, वरणात कुस्करली आणि खायला लागली.

ती जेवत होती तसं जेवताना मी कुणालाच पाहिलेलं नाही. मान वर नाही, बोलणं नाही. मोठे घास, भराभर, डाव्या हाताचं मनगट टेबलाच्या कडेला दाबून धरलेलं. भाकरी संपली तशी मागं वळून म्हणाली, “आजून हाय का गं? गरम?” तव्यावरची टम्म फुगलेली भाकरी थेट तिच्या ताटात पडली. वाफेनं तिचे डोळे मिटले आणि ती हसली. आधी मला आनंद झाला. मग इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. राग कुणाचा, ते सांगता येत नव्हतं. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, आणि आईला पोटभर जेवताना पहिल्यांदा बघत होते. माहेरी गेले की मी माहेरवाशीण, मला भावाबरोबरच ताट मिळायचं. जेवून मी ओसरीवर लवंडायचे. आत मागं कोण, काय, किती खातंय, मी कधी वळून पाहिलं नव्हतं. भांड्यांचा आवाज यायचा, तेवढाच.

त्यानंतर आई भरभर सुधारली. बांगड्या मनगटाशी आल्या. वॉकर घेऊन आधी खोलीत, मग खोल्यांपुढच्या बोळात, मग एका सकाळी ओसरीच्या खांबापर्यंत. खांबाला हात लावून तिनं वळून बघितलं, जिंकल्यासारखं. मी तिथूनच भावाला फोन लावला. तो फोनवर रडला.

दोन दिवसांनी तो जीप घेऊन आला, बरोबर वहिनी. त्यानं घरी खोली रंगवली होती, संडासात धरायला दांडा बसवला होता. येताना मोसंबीची गोणी आणली होती, केंद्रातल्या सगळ्यांसाठी. कसाई म्हटलेल्या माणसांना तो हात जोडून मोसंबी देत होता. मी आईची पिशवी भरायला लागले.

आई पलंगावर बसली होती. म्हणाली, “नगं भरू. मी येत नाय.”

भावाला वाटलं, थट्टा चाललीय. “चल गं. लोक वाट बघायलेत. आख्ख्या गावाला सांगून ठिवलंय.”

“मी हितंच राहते.”

“आमचं काय चुकलं?” त्याचा आवाज फाटला. “काय कमी केलं आमी? गाव थुंकल तोंडावर. म्हनंल, आई घरीसुदिक यायना यांच्या.”

“काय बी कमी नाय केलं,” आई म्हणाली. तिनं त्याचा हात हातात घेतला. “तू वाईट नाय, तुजी बायकू वाईट नाय. पन मी तिथं आले की परत मागं बसन. तुमी म्हनलात तरी मी पुढं बसायची नाय, माजा मलाच जीव व्हायचा नाय. त्या घरात मला तसंच बसायची सवय हाय. हितं मी पयल्या पंगतीला बसते रे. गरम खाते.”

भाऊ माझ्याकडं बघत राहिला. मी इतके दिवस तिला इथून सोडवायला भांडले होते, तेव्हा माझ्याकडून त्याला मदतीची आशा होती. माझ्या हातात पिशवी तशीच होती.  मला वाईट वाटत होतं आणि तिचं म्हणणं पटलंही होतं.

तेवढ्यात बायकांच्या जेवणाची घंटा झाली. आई वॉकर धरून उठली. कुणाचा हात घेतला नाही. आम्ही मागून गेलो, आज बाईंनी अडवलं नाही. टेबलाशी गेली, आपल्या खुर्चीवर बसली आणि शेजारची रिकामी खुर्ची हातानं मागं ओढली. वहिनी दाराशी उभी होती, पदर खांद्यावरून घट्ट गुंडाळून. पहाटे उठून पुरण वाटून, डबे भरून, सगळ्यांना चहा देऊन ती निघाली होती.

“ये. बस,” आई तिला म्हणाली.

वहिनीनं भावाकडं बघितलं आणि जागची हलली नाही.

आईनंही त्याच्याकडं बघितलं. “तू जरा भायेर जा बाबा. तू हितं उभा हायेस तवर ती घास उचलायची नाय.”

भाऊ बाहेर गेला. मी त्याच्यामागं गेले नाही. खिडकीतून दिसत होतं, भर उन्हात तो जीपला टेकून उभा होता, पाठ आमच्याकडं करून. वहिनी येऊन खुर्चीच्या कडेवर टेकली. तिच्यापुढं ताट आलं, वर तव्यावरची भाकरी पडली. तिनं एकदा खिडकीकडं बघितलं आणि मग खाली मान घालून जेवायला लागली.